चाळीस दिवसांची नोटीस

ठाण्यात टेंभी नाक्याजवळ १८७९ साली बांधलेलं एक सिनेगॉग आहे. नाव शार हाशामाईम, म्हणजे स्वर्गाचं दार. तिथून तलावपाळीकडे चालत निघालात की मासुंदा तलावाच्या काठी सेंट जॉन द बॅप्टिस्ट चर्च लागतं, पोर्तुगीज काळातलं. पुढे गाडी पकडून कल्याणला उतरलात तर तिथे केरळमधून आलेल्या सीरो-मलबार कॅथलिकांचं कॅथेड्रल. तिघांचे पंथ वेगळे, घरची बोली वेगळी, जेवणाची पानंही वेगळी. पण हिब्रू संदेष्ट्यांची पुस्तकं तिन्हीकडे वाचली जातात. यशया, यिर्मया, यहेज्केल, आमोस, योना, मलाखी ही सगळी मंडळी साधारण अडीच हजार वर्षांपलीकडची, आणि ठाणे-कल्याण पट्ट्यात आजही त्यांचा राबता आहे.

संदेष्टा म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर दाढीवाला, हात उगारून शाप देणारा म्हातारा येतो. तेवढंच खरं नाही. या पुस्तकांत शिक्षा भरपूर आहेत. दुष्काळ, टोळधाड, वेढा, हद्दपारी, सगळं आहे. पण ती शिक्षा आधी जाहीर होते आणि मधे मुदत मिळते. माणसं सुधारली तर ती रद्दही होते. शिक्षा टळावी म्हणूनच ती आधी सांगायची, हा या पुस्तकांचा गाभा आहे. हे मनात धरून पुढच्या गमती वाचा.

निनवेची सुटका

योनाची गोष्ट बहुतेकांना मासा गिळतो एवढीच ठाऊक असते. मासा हा त्यातला छोटा तुकडा. खरी मजा अलीकडे-पलीकडे आहे.

देव योनाला सांगतो, निनवेला जा आणि तिथल्या लोकांना बजाव. निनवे पूर्वेला. योना याफो बंदरावर जातो आणि थेट उलट्या दिशेच्या तार्शीशचं जहाज पकडतो. पुस्तकात आवर्जून लिहिलंय की त्याने भाडंही भरलं. वादळ येतं. खलाशी आपापल्या देवांचा धावा करतात, माल समुद्रात फेकतात, आणि योना खाली डाराडूर झोपलेला. शेवटी तोच सांगतो, मला टाका पाण्यात. खलाशी बिचारे आधी वल्ही मारून जहाज किनाऱ्याला लावायची शिकस्त करतात. माणूस टाकायला त्यांचं मन धजत नाही. पुढे मासा, तीन दिवस-तीन रात्री पोटात मुक्काम, आणि किनाऱ्यावर सुटका.

मग योना निनवेत जातो आणि भाषण करतो. किती मोठं? मूळ हिब्रूत मोजून पाच शब्दांचं. चाळीस दिवसांत शहर उलथणार, एवढंच. पश्चात्ताप करा, सुधारा, असंही तो म्हणत नाही. तरी अख्खं शहर हादरतं. राजा सिंहासनावरून उतरून राखेत बसतो. उपासाचा हुकूम निघतो आणि त्यात गुरंढोरंही येतात: त्यांनाही चारा-पाणी नाही, त्यांच्याही अंगावर गोणपाट. देव ते बघतो आणि शिक्षा मागे घेतो.

आणि योना? तो चिडतो. संतापाने मरण मागतो. आपण सांगितलेलं खरं झालं नाही, शत्रूचं शहर वाचलं, याचा त्याला त्रास. शहराबाहेर तो रुसून बसतो, त्याच्यावर सावली धरायला एक वेल उगवते, दुसऱ्या दिवशी किडा ती वेल खातो, आणि योना वेलीसाठी हळहळतो. तेव्हा देव विचारतो ते असं: तुला एका रात्रीत आलेल्या वेलीची कणव येते, मग मला एक लाख वीस हजारांवर माणसांच्या आणि इतक्या जनावरांच्या शहराची येऊ नये? पुस्तक या प्रश्नावरच थांबतं. योनाने काय उत्तर दिलं, ते कुणालाच माहीत नाही.

संदेष्ट्याचं भाकीत खोटं ठरलं, आणि त्याच्या वाट्याला आलेलं सगळ्यात मोठं यश तेच होतं. बायबलच्या संदेष्ट्यांत योनाएवढं कमी बोलून योनाएवढा परिणाम साधणारा दुसरा नाही.

एक बारीक गंमत. हिब्रू पोथीत मुदत चाळीस दिवसांची आहे, पण जुन्या ग्रीक भाषांतरात ती तीनच दिवसांची. ग्रीक वाचणाऱ्यांच्या निनवेला फारच घाई करावी लागली.

आणि एक कडू नोंदही करायला हवी. निनवे इसवी सनापूर्वी ६१२ साली खरोखर पडलं. त्या पाडावावर नहूम नावाच्या संदेष्ट्याचं वेगळं पुस्तकच आहे. बारा छोट्या संदेष्ट्यांच्या एकाच गुंडाळीत योनाचं वाचलेलं निनवे आणि नहूमचं पडलेलं निनवे दोन्ही बसलेली आहेत. माफी मिळाली म्हणजे कायमची सूट मिळाली, असं ही पुस्तकं कुठेच म्हणत नाहीत.

ठाण्याची हाडं आणि पडलेला वारा

योनाच्या गोष्टीचा एक अवचित जोडीदार ठाण्याच्या इतिहासात सापडतो. १३२१ च्या एप्रिलमध्ये ठाण्यात चार फ्रान्सिस्कन साधू धार्मिक वादातून मारले गेले: तोलेन्तिनोचा थॉमस, पादुआचा जेम्स, सिएनाचा पीटर आणि तिफ्लिसचा डेमेट्रियस. त्यानंतर थोड्याच वर्षांत ओडोरिक नावाचा इटालियन साधू या किनाऱ्यावरून चीनकडे निघाला. त्याने त्या चौघांची हाडं सोबत घेतली.

वाटेत वारा पडला. ओडोरिकच्या प्रवासवर्णनात लिहिलंय की जहाजावरच्या प्रत्येक धर्माच्या लोकांनी आपापल्या देवाचा धावा केला, काही झालं नाही. मग त्याने गुपचूप एक हाड समुद्रात टाकायला लावलं आणि वारा सुटला. योनाच्या जहाजावरही असंच झालं होतं: प्रत्येकाचा आपापला देव, कुणाचाच उपयोग नाही, शेवटी समुद्राला काहीतरी द्यायचं. फरक इतकाच की योनाला टाकल्यावर वादळ शांत झालं आणि इथे शांत पडलेला वारा जागा झाला. ओडोरिक मध्ययुगातला साधू. योना त्याला तोंडपाठ असणार. आपल्या अनुभवाला त्याने ओळखीचा साचा दिला असावा, असं मला वाटतं. ती हाडं पुढे चीनमधल्या झैतून बंदरात, म्हणजे आजच्या छ्वानचौमध्ये पोचली.

कल्याणचा बिशप आणि चपटी पृथ्वी

इसवी सन ५५० च्या आसपास अलेक्झांड्रियाच्या कॉसमस नावाच्या व्यापाऱ्याने लिहून ठेवलं की कल्लियाना नावाच्या ठिकाणी ख्रिस्ती लोक आहेत आणि त्यांचा बिशप इराणातून नेमला जातो. बहुतेक अभ्यासक हे कल्लियाना म्हणजे आपलं कल्याण मानतात. सीरो-मलबार पंथाचा कल्याण धर्मप्रांत १९८८ साली स्थापन झाला. मधे चौदाशे वर्षांचं अंतर, आणि दोन्ही मंडळींचं नातं पूर्वेकडच्या सीरियन परंपरेशी.

याच कॉसमसचा दुसरा उद्योग ऐका. पृथ्वी गोल नाही, ती चपटी असून वर आकाशाचं छप्पर आहे, हे त्याने हिरिरीने मांडलं. पुराव्यात त्याने यशयाला उभं केलं, कारण यशयाने देव आकाश तंबूसारखं पसरतो असं कवितेत म्हटलंय. कवितेचा भूगोल केला की काय होतं, त्याचा हा उत्तम नमुना. पण कल्याणची नोंद त्यानेच ठेवली, म्हणून त्याचे आभार मानायचेच.

सीरियन परंपरेच्या मंडळींकडे योना अजून जिवंत आहे. मोठ्या उपासकाळाच्या आधी तीन दिवसांचा एक छोटा उपास असतो, निनवेचा उपास. मल्याळीत त्याला मून्नु नोम्पु म्हणतात, तीन दिवसांचा उपास. निनवेच्या लोकांनी शिक्षा टाळायला केला तसाच. केरळमधल्या कुरविलंगाडच्या चर्चमध्ये या दिवसांत लाकडी जहाज खांद्यावर घेऊन मिरवणूक काढतात आणि ते मुद्दाम डोलवतात, झुकवतात, वादळात सापडल्यागत. कल्याण-डोंबिवलीत तुमचा कुणी मल्याळी शेजारी असेल तर त्याला या मिरवणुकीबद्दल, म्हणजे कप्पलोट्टमबद्दल, विचारून बघा. तास-दीड तास सहज बोलेल.

नवसाला पावणारा एलियाहू

आता टेंभी नाक्याकडे परत. ठाण्याचे बेने इस्रायल म्हणजे मराठी ज्यू. आडनावं किहीमकर, पेणकर, रोहेकर, अष्टमकर. आख्यायिका अशी की त्यांचे पूर्वज अलिबागजवळच्या नवगावला जहाज फुटून किनाऱ्याला लागले, सात पुरुष आणि सात बायका वाचल्या. पोथ्या समुद्रात गेल्या. पुढे ते तेलघाणी चालवू लागले आणि शनिवारी घाणा बंद ठेवत, म्हणून कोकणात त्यांना शनिवार तेली म्हणत.

इथे थोडं थांबू. यशयाच्या पुस्तकातला अठ्ठावन्नावा अध्याय शब्बाथाच्या, म्हणजे शनिवारच्या विश्रांतीच्या, पाळणुकीचं बक्षीस सांगतो: जो तो दिवस आनंदाने पाळेल त्याला देव उंच जागी नेईल. शनिवार तेल्यांकडे यशयाची पोथी नव्हती. बक्षिसाचा तो करार त्यांनी वाचलेला नव्हता, तरी घाणा शतकानुशतकं शनिवारी उभा राहिला. बक्षिसाचा कागद हातात नसताना पाळलेला नेम! मराठी समाजाच्या इतिहासात निष्ठेची याहून सुंदर गोष्ट मला माहीत नाही.

बेने इस्रायलांचा लाडका संदेष्टा मात्र यशया नव्हे, एलियाहू हन्नाबी, म्हणजे बायबलमधला एलीया. अग्निरथातून स्वर्गात गेलेला. त्याच्या रथाची तसबीर कितीतरी घरांच्या भिंतीवर दिसते. अलिबागजवळ सागावच्या बाजूला एक कातळ आहे. त्यावरच्या खुणा एलियाहूच्या रथाच्या आणि घोड्याच्या टापांच्या मानतात. नाव एलियाहू हन्नाबीचा टापा. तू बिश्वात या झाडांच्या सणाला तिथे यात्रा भरते, आणि जुन्या लोकांच्या तोंडी त्याला एलियाहू हन्नाबीचा उरूस म्हणत. संदेष्टा इस्रायलचा आणि शब्द उरूस, हे कोकणातच घडू शकतं.

कुणाची नोकरी लागावी, आजार बरा व्हावा, पोरगं सुखरूप परदेशी पोचावं, म्हणून एलियाहूला नवस बोलतात आणि तो मलिदा करून फेडतात. ताटात भिजवलेले पोहे, त्यात ओलं खोबरं, साखर, वेलची, सुका मेवा. भोवती पाच प्रकारची फळं, खजूर, गुलाबाचं फूल आणि सब्जाच्या काड्या. प्रार्थना म्हणतात, एलियाहूचं हिब्रू गीत गातात, मग फळांचे, वासाचे वेगवेगळे आशीर्वाद. गुलाब आणि सब्जा हातोहाती फिरतो, प्रत्येक जण वास घेतो. मग फळं, मग मलिदा. देवाने दिलेल्या गोष्टीची पोच नाक, जीभ आणि कान, तिघांनी मिळून द्यायची. लग्नाआधी, नव्या घरात, परीक्षेच्या निकालानंतरही मलिदा असतो. जगातल्या दुसऱ्या कुठल्याही ज्यू समाजात हा विधी अशा रूपात नाही. तो पूर्णपणे आपल्या मातीतला.

बायबलमधला एलीया किती कडक होता ते आठवलं की या मायेची किंमत कळते. अहाब राजाच्या राज्यात त्याने पाऊस बंद होणार म्हणून सांगितलं आणि दुष्काळ पडला. त्या दुष्काळात कावळे त्याला भाकरी-मांस आणून देत, आणि सारफथच्या एका विधवेच्या मडक्यातलं पीठ त्याच्यामुळे संपेना. एकाच दुष्काळात राजाला शिक्षा आणि गरीब बाईला बक्षीस.

अहाबाचं पुढचं प्रकरण जमिनीचं. राजवाड्याशेजारी नाबोथाचा द्राक्षमळा होता. राजाला तिथे भाजीची बाग करायची होती. नाबोथ म्हणाला, वडिलोपार्जित जमीन आहे, विकणार नाही. राणी ईजबेलने दोन खोटे साक्षीदार उभे केले, नाबोथाला दगडांनी मारलं, मळा राजाच्या ताब्यात. एलीया थेट त्या मळ्यात जाऊन राजाला गाठतो आणि शिक्षा सुनावतो: जिथे कुत्र्यांनी नाबोथाचं रक्त चाटलं तिथे तुझंही चाटतील. पण अहाब कपडे फाडतो, उपास करतो, मान खाली घालून वावरतो. तेव्हा देव शिक्षा त्याच्या हयातीपुरती पुढे ढकलतो. खून करून जमीन लुबाडणाऱ्या माणसालाही पश्चात्तापाची दाद मिळते. मला हा निकाल पचायला अवघड जातो, आणि बायबलने तो झाकला नाही याबद्दल आदरही वाटतो.

आता तलावपाळीचं चर्च. ते ज्याच्या नावाचं आहे तो बाप्तिस्मा करणारा योहान केसांचं वस्त्र आणि कमरेला कातडी पट्टा लावून फिरायचा. एलीयाचा पोशाख अगदी हाच. मलाखीच्या पुस्तकात एलीया परत येणार असं म्हटलंय, आणि येशू योहानालाच तो परतलेला एलीया म्हणतो. थोडक्यात, ठाण्यात चालत जाण्याच्या अंतरावर एकाच संदेष्ट्याची दोन घरं आहेत: एकीकडे त्याची वाट बघतात, दुसरीकडे तो येऊन गेला असं मानतात.

बिरडं, बंद दारं आणि शिळा सण

पोथ्या नसतानाच्या काळात बेने इस्रायलांनी सणांना जी मराठी नावं ठेवली ती १८९७ मध्ये हाईम सॅम्युएल किहीमकरांनी आपल्या इतिहासात लिहून ठेवली. पुस्तक छापून आलं १९३७ मध्ये, तेल अवीवला. वर्षाचा पहिला दिवस नव्याचा सण. मग खिरीचा सण. पुरीम म्हणजे होळीचा सण. यरुशलेमचं मंदिर पडलं तो अव महिन्याचा नववा दिवस, बिरड्याचा सण. मंदिर दोनदा पडलं, इसवी सनापूर्वी ५८६ आणि इसवी सन ७० साली, आणि दोन्हींचा शोक एकाच दिवशी. त्या दिवशी जेवणात वालाचं बिरडं.

हा दिवस शिक्षेचा. त्या रात्री सिनेगॉगमध्ये विलापगीत वाचतात, जे परंपरेने यिर्मयाचं मानलं जातं. पण वाचनाचं वेळापत्रक बघा. या दिवसाआधीच्या तीन शब्बाथांना खरडपट्टी काढणारी संदेष्ट्यांची वाचनं, आणि नंतरच्या सात शब्बाथांना सांत्वनाची, सगळी यशयातून. तीन आठवडे रागाचे, सात आठवडे धीराचे. प्रमाण ठरवणाऱ्या जुन्या पंडितांना दाद द्यायला हवी.

मग एलूल महिना. बेने इस्रायल त्यात उपास करत आणि त्या महिन्याला रमजान म्हणत. एलूलच्या सुरुवातीपासून योम किप्पूरच्या मोठ्या उपासापर्यंत चाळीस दिवस होतात. परंपरेत हे चाळीस दिवस सीनाय डोंगरावरच्या मोशेशी जोडतात. निनवेलाही चाळीसच मिळाले होते.

आणि शेवटी योम किप्पूर, जुन्या मराठी नावाने दारफाळणीचा सण. घराची दारं लावून घ्यायची, पांढरे कपडे, दिवसभर उपास, बाहेरच्यांशी संबंध नाही. दुसरा दिवस शिळा सण: दानधर्म, भेटीगाठी. दारफाळणीच्या सकाळी यशयाचा तोच अठ्ठावन्नावा अध्याय वाचतात, आणि त्यात उपासावरच टीका आहे! नुसती मान झुकवून, गोणपाट पांघरून काय उपयोग. भुकेल्याला भाकर दे, बेघराला घरात घे, उघड्याला कपडा दे, असा त्याचा आशय. पोटात अन्नाचा कण नसलेल्या माणसांपुढे हे वाचायचं, यात मोठं धाडस आहे. आणि दुपारी, भूक-तहान टोकाला गेलेली असताना, योना. अख्खं पुस्तक.

काटा मारणाऱ्यांना शिक्षा

संदेष्टे मूर्तिपूजेवर बोलतात हे सगळ्यांना माहीत असतं. ते वजनकाट्यावर किती बोलतात हे फारसं कुणी सांगत नाही. आमोस हा तकोवा गावचा मेंढपाळ आणि उंबरांची निगा राखणारा. तो व्यापाऱ्यांची नक्कल करतो: शब्बाथ कधी संपतोय आणि आपण माप लहान, किंमत मोठी करून धान्य कधी विकतोय, असं त्यांना झालेलं असतं. गरीबाला जोडाभर चपलांसाठी विकणाऱ्यांवर त्याची आग. शोमरोन शहर का पडणार, याच्या त्याच्या यादीत काटा, माप, लाच आणि कोर्टातला अन्याय वर आहेत.

आमोसच्या पुस्तकाच्या पहिल्याच ओळीत तारखेची खूण म्हणून भूकंप आहे: भूकंपाच्या दोन वर्षं आधीची ही वचनं. इसवी सनापूर्वी आठव्या शतकातल्या मोठ्या भूकंपाच्या खुणा हासोरसारख्या ठिकाणी उत्खननात दिसल्यात. याच आमोसच्या शिक्षांत पावसाची एक आहे: एका गावावर पडला, शेजारच्यावर नाही. पावसाळ्यात कल्याणला चिंब होऊन ठाण्यात कोरड्या रस्त्यावर उतरणाऱ्यांना हे पटकन समजेल.

हाग्गयची शिक्षा पगारदारांच्या ओळखीची: मजुरी मिळते पण ती भोकं पडलेल्या थैलीत पडते. त्याच्या भाषणाची तारीख २९ ऑगस्ट, इसवी सनापूर्वी ५२० अशी काढता येते. योएल टोळधाडीनंतर सांगतो की टोळांनी खाल्लेली वर्षं देव भरून देईल. मे २०२० मध्ये टोळ विदर्भात उतरले तेव्हा अमरावती-नागपूरकडच्या शेतकऱ्यांना योएल कुणी वाचून दाखवायला हवा होता.

मीखाने यरुशलेमवर नांगर फिरून माळ होईल म्हणून सांगितलं. शंभरेक वर्षांनी यिर्मयाने तसंच बोलायला सुरुवात केली आणि त्याला मारून टाका म्हणून लोक धावले. तेव्हा काही वडीलधारे उठून म्हणाले, मीखाही हेच म्हणाला होता, त्याला कुणी मारलं नाही. उलट तेव्हाचा हिज्कीया राजा घाबरला आणि संकट टळलं. जुन्या निकालाचा दाखला देऊन यिर्मया वाचला. आणि संदेष्टे फक्त पुरुष होते असं समजू नका. योशीया राजाच्या काळात देवळात नियमाची पोथी सापडली, तेव्हा तिचा अर्थ विचारायला दरबारी गेले ते हुल्दा नावाच्या बाईकडे. तिने शिक्षा सांगितली, आणि राजा रडला म्हणून ती त्याच्या मरणानंतर येईल, असंही.

बापाने खाल्लं, पोराचे दात आंबले

अशा अर्थाची एक म्हण तेव्हा लोकांच्या तोंडी होती: बापांनी आंबट द्राक्षं खाल्ली आणि पोरांचे दात आंबले. हद्दपारीत गेलेले लोक म्हणत, पूर्वजांचं पाप आम्ही भोगतोय. यहेज्केल ती म्हणच बंद करायला सांगतो. अठराव्या अध्यायात तो तीन पिढ्यांचा दावा मांडतो: चांगला बाप, त्याचा दुष्ट मुलगा, आणि त्या दुष्टाचा चांगला मुलगा, म्हणजे पहिल्याचा नातू. निकाल: प्रत्येकाने आपलं भोगायचं, आपलं कमवायचं. नातवाला बापाचं पाप नाही, मुलाला बापाचं पुण्य नाही. घराण्याच्या पापपुण्याच्या हिशोबात अडकलेल्या जगात हे वाक्य बॉम्बसारखं पडलं असणार. चांगल्यांना त्रास आणि वाईटांची भरभराट का, हा प्रश्नही या पुस्तकांत आहे, आणि तो यिर्मया व हबक्कूक दोघेही देवालाच विचारतात.

घराचा ताबा

आता बक्षिसं. संदेष्ट्यांचं बक्षीस मेल्यानंतर मिळत नाही. स्वर्ग-नरक जवळपास नाहीत. मेलेले उठतील असं स्पष्ट बोलणारं दानीएलाचं पुस्तक ज्यूंच्या बायबलमध्ये संदेष्ट्यांच्या गटात मोडतही नाही. बक्षीस इथलं असतं. यशया म्हणतो, ते घरं बांधतील आणि तेच त्यांत राहतील. एकाने बांधायचं आणि दुसऱ्याने राहायचं असं होणार नाही. आमोसची शिक्षा याच्या बरोबर उलट: चिरेबंदी घरं बांधाल पण राहायला मिळणार नाही. घराचा ताबा मिळणं हे बक्षीस, अडकणं ही शिक्षा! डोंबिवली-कल्याणात हप्ते भरत ताब्याची वाट बघणाऱ्या कुणालाही हे उलगडून सांगावं लागणार नाही. जखऱ्याच्या बक्षिसात म्हातारेकोतारे काठी टेकत रस्त्याकडेला बसलेत आणि पोरं रस्त्यात खेळतायत.

यात सर्वांत सुंदर आहे यिर्मयाची जमीनखरेदी. बाबिलोनच्या सैन्याने यरुशलेमला वेढलंय, यिर्मया पहारेकऱ्यांच्या चौकात कैदेत आहे, शहर पडणार हे तोच वर्षानुवर्षं सांगतोय. अशा वेळी चुलतभाऊ येऊन म्हणतो, अनाथोथचं माझं शेत विकत घे. शेत शत्रूच्या ताब्यातल्या मुलखात! यिर्मया घेतो. सतरा शेकेल चांदी, सुमारे दोनशे ग्रॅम, काट्यावर तोलून देतो. खरेदीखत लिहितो, साक्षीदारांच्या सह्या घेतो, दोन प्रती करतो, एक मोहोरबंद आणि एक उघडी, आणि दोन्ही मातीच्या मडक्यात ठेवायला देतो, फार दिवस टिकाव्यात म्हणून. अर्थ: या देशात पुन्हा घरं-शेतं विकली-घेतली जातील. शिक्षा सांगणाऱ्या माणसाने बक्षिसाची नोंदणी आधीच करून ठेवली.

हाच यिर्मया हद्दपार झालेल्यांना पत्रात लिहितो: जिथे गेलात तिथे घरं बांधा, बागा लावा, लग्नं करा, आणि ज्या शहरात राहता त्याच्या भल्यासाठी प्रार्थना करा. बेने इस्रायलांनी कोकणात आणि मग ठाण्यात हेच केलं. १९४८ नंतर बरेच इस्रायलला गेले. मागे राहिलेल्यांसाठी ठाण्याचं सिनेगॉग आज मोठा आधार आहे. २०१६ मध्ये महाराष्ट्र सरकारने ज्यूंना अल्पसंख्याक दर्जा दिला.

शापावर संपायचं नाही

मलाखी हा बारातला शेवटचा. त्याच्यात स्वर्गाच्या खिडक्या उघडून आशीर्वाद ओतण्याचं वचन आहे, पण पुस्तक संपतं ते देशावर शापाचा वार होऊ नये, या धास्तीवर. ज्यू वाचनाची रीत अशी की शेवटची ओळ वाचून झाली की मागची, एलियाहू येण्याची ओळ पुन्हा वाचायची, म्हणजे कानावर शेवट शापाचा पडत नाही. यशया, विलापगीत आणि उपदेशक यांच्या शेवटीही असंच करतात.

टेंभी नाक्याचं सिनेगॉग आतून बघायचं असेल तर आधी विचारून, ओळखपत्र घेऊन जा. शनिवार सोडा, तो प्रार्थनेचा दिवस. पुरुषांनी डोकं झाकायला रुमाल न्यावा, फोटोची परवानगी मागावी. आणि तेवढा वेळ नसेल तर योना तरी वाचा, मराठी बायबलमध्ये चारच अध्याय आहेत. डोंबिवलीला गाडीत चढल्यावर उघडलंत तर ठाणं यायच्या आत पुस्तक संपतं.